फ्रीज शेजारी ठेवा

गरीब माणसाच्या घरी जाऊन तो खरोखरच गरीब आहे का, हे बघून येण्याचं काम मी काही वर्षं करतो आहे. आमच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीत त्याला घरभेट म्हणतात. शब्द छान आहे, त्याला पाहुणचाराचा वास येतो. म्हणूनच आता तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. ओतकामाचे कच्चे भाग आमच्याकडे येतात, ते आम्ही यंत्रावर कातून मापात आणून देतो. यातलं निम्म्याहून जास्त काम ज्यांच्या फाउंड्रीतून येतं, तेच आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जिथे जिथे गप्प बसलो तिथे तिथे हे एक कारण होतं. बाकीची कारणं मी नंतर बसून शोधली.

ट्रस्ट सांगली-साताऱ्याकडच्या कारखानदारांचा. खेड्यापाड्यातल्या मुलामुलींनी इंजिनिअर व्हावं, त्यातले काही आपल्याच भागात राहावेत, म्हणून काढलेला. हेतू चांगला आहे. हे मी कुजकेपणाने म्हणत नाही. त्या पैशांवर शिकलेला एकजण माझ्याच शॉपमध्ये ड्रॉइंग बघतो आणि माझ्या चुका काढतो. मुलींची कॉलेजची फी आता सरकार भरतं, पण हॉस्टेल, मेस, लॅपटॉप आणि जाण्या-येण्याचा खर्च तसाच राहतो. नेमक्या त्याच ठिकाणी घरातलं कुणीतरी म्हणतं, जवळच्या कॉलेजात बीएस्सी कर की. ट्रस्ट तो वरचा खर्च चारही वर्षं उचलतो. म्हणजे मुलगी इंजिनिअरिंगला जाणार की नाही, हे बऱ्याचदा आम्ही तिच्या घरी घालवलेल्या अर्ध्या तासावर ठरतं.

त्या अर्ध्या तासात आम्ही काय बघतो? शहाबादी फरशी की शेणाने सारवलेली जमीन. वर स्लॅब की पत्रा. दारात मोटारसायकल. टीव्ही केवढा. अण्णा मुलाशी दोन शब्द बोलतात, साताऱ्याहून येणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका मोबाइलवर फोटो काढतात. आम्ही त्यांना बाई म्हणतो. फोटो दात्यांना पाठवायचे असतात. मी घराविषयी दोन ओळी लिहितो, कारण माझं मराठी बरं आहे अशी अण्णांची समजूत आहे.

आता आमच्याकडची पद्धत अशी की घरी साहेब लोक येणार म्हटलं की माणूस घर सजवतो. स्वतःचं नसलं तर शेजाऱ्याचं आणून सजवतो. त्याला कुणी खोटेपणा समजत नाही, अब्रू समजतात. खटाव तालुक्यात आम्ही एका मुलाच्या घरी गेलो होतो. अंगणात नव्या खुर्च्या, कोऱ्या चादरी, चकचकीत स्टीलच्या बशांत पोहे, वर खोबरं-कोथिंबीर. पोहे संपले तशी माझ्या बशीच्या काठावर घातलेलं नाव दिसलं. आमच्यात भांड्यांवर नाव घालतातच, पण ते नाव त्या घराचं नव्हतं. बाईंच्या बशीवर तिसरंच आडनाव होतं. आख्ख्या गल्लीने बशा दिल्या होत्या.

मी बशी उलटी न करता तशीच खाली ठेवली. त्या बापाला चारचौघांत खाली बघायला लावू नये, एवढंच मनात होतं. बाहेर पडल्यावर अण्णा मला म्हणाले, "इंजिनिअर, हे तर आपल्यापेक्षा बरं खातात." गाडीत सगळे हसले, मीही हसलो. त्या मुलाला पैसे मिळाले नाहीत. मी त्या घराची लाज झाकली आणि त्यात पोराचं वर्ष गेलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी अजून झटकू शकलेलो नाही.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात मी शहाणपणा केला.

विट्याच्या बाजूच्या एका गावातली मुलगी होती. मार्क उत्तम, सांगलीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागलेला. त्या पट्ट्यातली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करून देतात. ज्यांची स्वतःची दुकानं, त्यांचे गावात काचेच्या खिडक्यांचे बंगले. तिचा बाप दुकानदार नव्हता, दुसऱ्याच्या दुकानात कामाला होता. दूरच्या शहरात एका खोलीत वर्षानुवर्षं ॲसिडचा धूर खाल्ला आणि छाती गेल्यावर गावी परत आला. आई द्राक्षबागांत मजुरीला जायची. पण बाप कमावत होता तेव्हा घरात फ्रीज आला होता, सोफा आला होता, भिंतीवरचा टीव्ही आला होता. कमाई थांबली तरी वस्तू होत्या तिथेच होत्या.

हे सगळं मला मुलीशी फोनवर बोलताना कळलं, आणि अण्णा तो फ्रीज बघून काय म्हणतील हे माझ्या कानात आधीच वाजलं. मी आईला फोनवर बोलवायला सांगितलं.

"वहिनी, रविवारी आम्ही येतोय. त्याआधी फ्रीज शेजारी ठेवा. सोफा, टीव्हीसुद्धा."

"आवं पण सायेब, पावणं यायचं न् घर मोकळं ठिवायचं?"

"मोकळंच ठेवा. सतरंजी टाका."

"बरं. चा-पाण्याचं..."

"काही करू नका. चहासुद्धा नको."

मग ती म्हणाली, "चा बी न्हाई?" दुसरं काहीही काढून ठेवायला ती तयार होती. चहावर अडली.

"पोरीसाठी," मी म्हणालो.

"व्हय, पोरीसाठी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला फार हलकं वाटलं. खटावच्या मुलाचं देणं जणू मी फेडलं. असला हलकेपणा वाटला की माणसाने सावध व्हावं, हे मला आता कळतं.

रविवारी आम्ही गेलो. घर खरंच रिकामं होतं. इतकं रिकामं, की ते कुणालाही कळावं. भिंतीला टीव्हीचे खिळे तसेच, कोपऱ्यात फ्रीजच्या जागेवर फरशीचा पांढरा चौकोन. अण्णांनी तो बघितला की नाही, कोण जाणे. आम्ही सतरंजीवर बसलो. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी, हातात पदराचं टोक. आम्ही आल्यापासून ती आमच्याकडे बघत नव्हती. घरात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही, याची लाज तिच्या सगळ्या अंगावर दिसत होती, आणि ती लाज मी फोनवरून पाठवलेली होती.

बाप पलंगावर उशीला टेकून बसला होता. पलंग हलवणं जमलं नसावं. बोलताना मध्ये मध्ये त्याला खोकला येई, छातीतून पत्रा ओढल्यासारखा. अण्णांनी मुलीला नेहमीचे प्रश्न विचारले. पुढे काय व्हायचंय, मशीन कधी जवळून बघितलंय का. ती म्हणाली, बेदाण्याच्या शेडवर प्रतवारीचं मशीन आहे, ते बंद पडलं की मालक मलाच बोलावतो. अण्णा खूश झाले. सगळं चांगलं चाललं होतं.

मग बाईंनी मोबाइल काढला. एक फोटो घेतला, बघितला, मान हलवली.

"अण्णा, हे पलंगावर आराम करतायत असं दिसतंय हो. यांना खाली घेऊ या का?"

मला वाटलं अण्णा नको म्हणतील. ते म्हणाले, "घ्या की."

आई पुढे आली आणि नवऱ्याला धरून खाली बसवू लागली. मी उठून दुसऱ्या बाजूने हात दिला. हो, मी दिला. त्याला आम्ही दोघांनी सतरंजीवर आणला. काखेतून धरला तेव्हा हाताला नुसत्या फासळ्या लागल्या.

"आता जरा आडवे व्हा, काका," बाई म्हणाल्या. "आणि खोकला येतोय ना, तो आला की मी घेते. म्हणजे खरं खरं येईल."

सगळे थांबले. बाई गुडघ्यावर बसून मोबाइल रोखून. दिवसभर खोकणारा तो माणूस, त्याने खोकला दाबून धरला. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, चेहरा काळानिळा पडला, पण तो खोकला नाही.

"येत नाहीये का?" बाईंनी प्रेमाने विचारलं.

मुलगी उठली. "बाई, मोबाइल खाली ठेवा."

"अगं बाळ, हे तुझ्यासाठीच—"

"आमच्यात फ्रीज हाय," ती म्हणाली. "सोफा हाय. टीव्ही हाय. तुमाला बघायचं असल तर चला, दाखवते. शेजारी हायेत."

"ए, गप बस," आई म्हणाली.

"का गप? पप्पांनी कमवून आणल्यात त्या वस्तू. चोरून न्हाई आणल्या. चला."

आणि ती निघाली. अण्णा उठले, बाई उठल्या, मी उठलो. आमची ती वरात शेजारच्या घरी गेली. शेजारीण काहीच माहीत नसल्यासारखी दारात आली. आत तिच्या माळवदाच्या घरात सोफा उभा करून ठेवलेला, टीव्ही गोधडीत गुंडाळलेला, आणि फ्रीज मात्र चालू, गुणगुणत. मुलीने दार उघडलं. आत दुधाची पातेली, ताकाची बरणी, कलिंगडाची अर्धी फोड.

"आवं बंद ठिवला तर वास मारतो म्हणून लावला," शेजारीण घाईघाईने म्हणाली. "आन् दूध बी ठिवलं दोन दिस. त्यांचं आमचं काय येगळं हाय व्हय?"

अण्णांना हसू आवरेना. मलाही आवरलं नसतं, एरवी. पण मागून मुलीची आई आली होती, अनवाणी, पळत. ती अण्णांसमोर हात जोडून म्हणाली, "सायेब, पोरीचं मनावर घेऊ नका. आमाला फोनवर..."

आणि थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मला पुढे यायला तेवढा पुरेसा होता.

"फोनवर काय?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई. आमच्याच मनानं केलं," ती म्हणाली.

माझ्या चुकीवर तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि मी ते लिहू दिलं. मी फ्रीजच्या दाराकडे बघत उभा राहिलो.

मी बोललो ते गाडीत. विटा मागे पडल्यावर, अण्णांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत म्हणालो, "अण्णा, वस्तू हलवायला मीच सांगितलं होतं."

ते मागे वळले. मला वाटलं आता फाउंड्रीचं काम गेलं. ते म्हणाले, "मग? बरं केलंत की. पण जरा नीट तरी सांगायचं, इंजिनिअर. फरशीवर फ्रीजचा डाग केवढा!"

बाई म्हणाल्या, "मी तर आमच्या साताऱ्याकडच्या घरांना आदल्या दिवशीच सांगते, सतरंजी घाला म्हणून. दात्यांना काहीतरी दिसायला नको का?"

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. एकटाच पाप करतो आहे असं समजून मी घाबरत होतो, आणि इथे तो रिवाज होता. मला खिडकी उघडावीशी वाटली. एसी चालू होता, उघडली नाही.

"पण मुलगी पाणीदार आहे," अण्णा म्हणाले. "द्यायचे हिला. शंभर टक्के."

"आणि अण्णा, हा प्रसंग कार्यक्रमात सांगायचा," बाई म्हणाल्या. "आई लपवते, आणि मुलगी खरं सांगते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"लिहा इंजिनिअर. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

मी मुलीला फोन केला. निवड झाल्याचं सांगितलं आणि कार्यक्रमाचंही. ती म्हणाली, "काका, माझ्याबद्दल काय पण बोला. आईचं काढू नका." मी शब्द दिला. लिहिताना मी आईचा उल्लेख टाळला, 'समितीतल्या एकाच्या चुकीच्या सल्ल्यामुळे' असं घातलं. माझं नाव घालायचं धाडस मात्र झालं नाही. कागद अण्णांकडे गेला. त्यांनी वाचून खिशात घातला आणि म्हणाले, झकास.

कार्यक्रम सांगलीत, एका मंगल कार्यालयात झाला. फेटे, तुताऱ्या, दात्यांची रांग. ज्यांना पैसे मिळणार ती मुलं उजवीकडे बसवलेली, त्यांचे आईबाप त्यांच्या मागे. मुलीची आई आली होती. नवऱ्याला घरी शेजारणीवर सोपवून, एसटीने, लग्नातली वाटावी अशी हिरवी साडी नेसून.

अण्णांनी तो कागद खिशातून काढलाच नाही. ते मनाने बोलले, आणि दुर्दैव असं की ते फार सुरेख बोलतात. रिकामं घर सांगितलं, खोकणारा बाप सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गरिबी माणसाला लबाडी शिकवते, मंडळी. त्या माउलीने घरातल्या वस्तू लपवल्या. तिचा दोष नाही. पण चिखलात कमळ उगवतं, ते असं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरव्या साडीतली बाई मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट गुंडाळत होती.

मुलीला वर बोलावलं. मोठा छापील चेक तिच्या हातात दिला, अण्णांनी दुसरी बाजू धरली. "बोल बेटा, दोन शब्द."

तिने माइक घेतला. "मला सांगलीत मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली आहे. हॉस्टेलला राहायचे पैसे नव्हते. ते तुम्ही दिले, त्याबद्दल मी आभारी आहे." घोटून आणलेलं होतं ते. मग माइक परत द्यायच्या ऐवजी ती म्हणाली, "आईनं काय लपवलं न्हाई. तिला फोन आला होता, लपवा म्हणून."

"कुणाचा?" अण्णांनी हसतच विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने नाव घेतलं नसतं, तेही मला कळलं. तिचे पैसे त्या चेकच्या दुसऱ्या टोकाला अण्णांच्या मुठीत होते, तरी ती एवढं बोलली होती. मी उभा राहिलो. मनात, खरं सांगतो, पुढच्या महिन्याच्या ऑर्डरी होत्या.

"माझा," मी म्हणालो. "फोन मी केला होता. वस्तू हलवा, चहा करू नका, सगळं मी सांगितलं. त्यांच्या घरी विचारलं तेव्हाही मी गप्प बसलो. हिच्या आईने लबाडी केली नाही. मी केली."

मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं. तेवढ्यात अण्णांनी माइक घेतला.

"याला म्हणतात संस्कार!" ते म्हणाले. "आमच्या ट्रस्टची माणसं अशी आहेत. भर सभेत चूक कबूल करणारी. या इंजिनिअर, वर या!"

टाळ्या कडाडल्या. मघापेक्षा जास्त. मला दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं, दात्यांसाठी आणलेल्यातली एक शाल माझ्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला. बाईंनी फोटो काढला. त्या फोटोत मी, अण्णा आणि चेक धरलेली ती मुलगी. मुलीचा चेहरा मला त्या घरात अंग चोरून उभ्या असलेल्या तिच्या आईसारखा दिसतो. माझ्या चेहऱ्यावर एक ओशाळं हसू आहे. लोक टाळ्या वाजवत असताना न हसणं मला जमलं नाही. त्याची मला सगळ्यांत जास्त किळस आहे, अण्णांच्या भाषणाहून जास्त.

जेवणाच्या रांगेतून मी बाहेर आलो. मुलीची आई कार्यालयाच्या पायऱ्यांवर चपला घालत होती. मुलगी हॉस्टेलच्या चौकशीसाठी एका प्राध्यापकाशी बोलत उभी होती, काय काय आणायचं ते मोबाइलवर टिपून घेत होती. जेवण न करताच निघणार का, मी विचारलं. आई म्हणाली, विट्याची गाडी गेली तर नवरा रात्री एकटा पडेल.

"वहिनी, मी आज सांगितलं सगळ्यांसमोर," मी म्हणालो. मला तिच्याकडून काहीतरी हवं होतं.

तिने माझ्या खांद्यावरच्या शालीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऐकलं की," ती म्हणाली. "पर हितं बोलून काय उपेग, सायेब? हितं मला कोण वळखतंय? आमच्या गल्लीत बोलायचं हुतं. शेजारणीम्होरं. तिला अजून वाटतंय, मीच लबाडी केली."

रिक्षा आली. तिने मुलीला हाक मारली, हॉस्टेलचं उरकून मागच्या गाडीने ये, मोबाइल चार्जिंगला लाव म्हणून सांगितलं, आणि ती बसली. मी जातो गावी, त्यांना सांगतो, असं मी म्हणालो. रिक्षा सुरू झाली होती, तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

मुलीचं पहिलं सेमिस्टर झालं आहे. विट्याच्या रस्त्याने कामाला दोनदा गेलो. त्या गावाचा फाटा उजव्या हाताला लागतो. दोन्ही वेळा मी तिथे गाडी हळू केली.